माईकला लावलेली हळद

१४ जून २०२०, रविवार

समोरच्या घरी आज लग्न लागलं. मी गच्चीवरून पाहिलं, कारण बोलावणं फक्त घरच्या माणसांना. नवरदेव मास्क लावून बोहल्यावर, नवरीचा मामा हात धुऊन अंतरपाट धरतोय. ते सगळं चाललं असतं, पण हळदीला एकही बाई गायली नाही हे काही मला पाहवेना. आपल्याकडे बायका गायल्या नाहीत तर हळद लागली असं कोणी मानत नाही. पण आत्या-मावश्यांना यायलाच बंदी, तर गाणार कोण? शेवटी नवरीच्या आईनं मोबाईलवर सिनेमाचं गाणं लावलं आणि कोपऱ्यात जाऊन रडत बसली.

तेव्हाच डोक्यात आलं. बायका येऊ शकत नाहीत, पण त्यांचा आवाज तर येऊ शकतो.

आमचा धंदा म्हणजे ‘गुंजन रेकॉर्डिंग स्टुडिओ’, मुर्री. पोरीच्या नावाची पाटी चांगली मोठी लावली आहे. आत एक खोली, एक माईक, एक कॉम्प्युटर आणि भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. माझा नवरा वीरेंद्र लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा आणि मी रिक्षावरच्या जाहिराती, भजनी मंडळं, शाळांची गॅदरिंग रेकॉर्ड करायची. मार्चपासून सगळं ठप्प आहे. वीरेंद्रनं भाजीची हातगाडी धरली. मला एवढ्या दिवसांत एकच काम मिळालं, ते रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीवर वाजतं. “मास्क लावा, अंतर ठेवा, घरीच राहा.” आवाज माझा. गाडी आली की गुंजन टाळ्या पिटते, आई आली, आई आली.

२१ ऑगस्ट २०२०, शुक्रवार

नागऱ्याला सुशिलाबाईंकडे जाऊन आले. आसपासच्या गावांत हळद ठरली की आधी त्यांना सांगायचं आणि मग भटजीला, अशी पद्धत. सत्तरीला आल्या, पण आवाज असा की लाऊडस्पीकरनं लाजावं. धाकटी जाऊ रुख्माबाई मागून ओळ झेलते. या दोघींशिवाय माझं काम होणार नाही.

पण सुशिलाबाई काही वळेनात. “नवरीशिवाय गाना निघत नाई, बाई. समोर पोट्टी पायजे, तिच्या आंगाले हळद पायजे. भिताडाकडं पाहून का गाऊ?”

त्यांचे यजमान बकारामजी अंगणात दोरीला पीळ देत बसले होते. वर न पाहताच म्हणाले, “जाय ना. रोज मले आयकवतेस, तितं मशीनले आयकव. मशीन तुले उलटून त बोलनार नाई.”

“तुमी तरी कुठं बोलता,” त्या म्हणाल्या. दोघंही हसले. इतकी वर्षं संसार करून एकमेकांच्या बोलण्यावर असं हसू येतं हे पाहून मला वीरेंद्रचा रागच आला, तो काहीही न करता.

४ सप्टेंबर २०२०, शुक्रवार

वीरेंद्रनं भाजीबाजारातून बातमी आणली. बालाघाटचा कोणी स्टुडिओवाला लग्नगीतांचा पेनड्राइव्ह काढतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लगेच सुशिलाबाईंना फोन केला.

“पितर बसले हायेत, चेतना. पितरात हळदीचा गाना कोनी म्हनते का? पंधरवडा जाऊ दे.”

पंधरवड्यानंतर अधिक महिना, मग नवरात्र, म्हणजे बालाघाटवाल्याला मोकळं रान. मी म्हटलं, “मावशी, तुमी थांबा, थो बालाघाटवाला नाई थांबनार. तुमचेच गाने दुसऱ्या कोनाच्या नावानं वाजतील. चालन तुमाले?”

हे मी मुद्दाम टोचलं. त्यांना आपल्या गाण्यांचा अभिमान आहे हे ठाऊक होतं, बरोबर तिथेच टाचणी लावली.  मग म्हणाल्या, “तुझ्यापायी येतो. पन गावात सांगू नोको.”

फोन ठेवल्यावर जरा खजील झाले. तेवढ्यापुरतीच. मग खिडकीला लावायला गाद्या शोधू लागले.

८ सप्टेंबर २०२०, मंगळवार

उद्या रेकॉर्डिंग. खिडकीवर दोन गाद्या बांधल्या, दाराच्या फटीत गोधडी कोंबली. पंखा बंद ठेवावा लागेल, त्याची घरघर माईकमध्ये उतरते. गाद्या ओढून अंग पार आंबलंय. कणकणही वाटते, म्हणून एक गोळी घेतली. वीरेंद्रला परवापासून सर्दी आहे, बाजारात भिजतो आणि ओल्या शर्टानंच हिंडतो.

संध्याकाळी चहा केला तर नुसतं गरम पाणी. वीरेंद्रवर ओरडले, लोकांना ताजं अद्रक विकतोस आणि घरी वाळकं आणतोस. तो म्हणतो, “ताजा है, कसम से.” खोटं बोलायलाही याला लाज वाटत नाही.

९ सप्टेंबर २०२०, बुधवार

झालं. आणि काय झालं ते माझं मलाच सांगता येत नाही, इतकं सुंदर झालं.

सकाळी दोघी ऑटोनं आल्या. नात मंजूनं ब्लाउजपीसचे शिवून दिलेले मास्क दोघींच्या तोंडाला. सुशिलाबाई माईकसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि गाणं निघेना. “नवरी कुठी आहे?” पुन्हा तेच. मग त्यांनीच कमरेची हळदीची पुडी काढली. घरून घेऊन आल्या होत्या. पाण्यात कालवून माईकच्या दांड्याला हळद लावली, माझी ओढणी मागून त्याच्यावर टाकली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. “आता नवरी दिसते. लंबी आहे थोडी.” आणि सुरू झाल्या.

पहिलं गाणं मास्कमधून गायल्या. हेडफोनमध्ये आवाज उशीतून आल्यासारखा. मी म्हटलं, “मावशी, मास्क काढा ना, आवाज दबून राहिला.” नेमकी तेव्हाच कचऱ्याची गाडी गेली, आणि गादीतूनसुद्धा माझाच आवाज आत आला, मास्क लावा, अंतर ठेवा. सुशिलाबाई म्हणाल्या, “बाहीर लाव म्हनतेस, घरात काढ म्हनतेस. कोनत्या चेतनाचा आयकाव?” आम्ही तिघी पोट धरून हसलो. मग काढला त्यांनी. माझा तर हेडफोनमध्ये अडकतो म्हणून सकाळपासूनच नव्हता. रुख्माबाईला मी दाराशी लांब बसवलं होतं, तिचा आवाज पातळ, तो लांबूनच बरा येतो. तिचा मास्क राहिला तर राहिला.

मध्ये चहा केला. चिडून दुप्पट अद्रक किसून घातलं, तरी माझ्या जिभेला पाणीच. पाहुण्यांना असा चहा देताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप ठेवले आणि वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर सटकले. परत आले तर दोघी हसत होत्या, कप रिकामे. बिचाऱ्या, चांगल्या वळणाच्या, एका शब्दानं बोलल्या नाहीत.

शेवटी बिदाईचं गाणं. गाता गाता सुशिलाबाई त्या पिवळ्या दांड्याकडे पाहून खऱ्याच रडायला लागल्या. मलाही आवरेना. हेडफोन काढून फेकला आणि त्यांना मिठी मारली. बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो, त्या घामेजल्या खोलीत.

१२ सप्टेंबर २०२०, शनिवार

गाणी कापून वेगळी काढली. स्क्रीनवर आवाज दिसतो. मोठे डोंगर म्हणजे गाणं, मधली झुडपं म्हणजे बोलणं, खोकणं, भांडी. झुडपं मी ऐकत बसत नाही, सरळ छाटते. म्हणून तर माझं काम लवकर होतं. अख्खी फाईल ‘कच्चा माल’ नावानं एका कोपऱ्यात टाकून दिली.

बालाघाटवाला बसला असेल तबला जुळवत.

अंग अजून दुखतंय. उदबत्तीचा पुडाही पावसानं सादळला, वासच येत नाही.

१७ सप्टेंबर २०२०, गुरुवार

रुख्माबाईचा फोन. सुशिलाबाईंना परवापासून ताप आणि खोकला. मी म्हटलं, दिवसभर गायल्या, घसा बसला असेल, मिठाच्या गुळण्या करायला सांगा. मग वीरेंद्रनं गाण्यांना दिलेला ढोलक ऐकत बसले.

२६ सप्टेंबर २०२०, शनिवार

सुशिलाबाई गेल्या. पहाटे दवाखान्यात. घरी आणता आलं नाही. बकारामजीही तापानं निजून आहेत, त्यांना तिच्या मागून दोन दिवसांनी ताप आला. तिच्या जिवाला कोणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही, शेजारी दारं लावून बसले होते. इतक्या पोरींना रडवून सासरी धाडणारी बाई अशी गुपचूप गेली.

मी मास्क काढायला लावला होता. हे वीरेंद्रला बोलले नाही, इथे लिहिते. खोली बंद होती, पंखा बंद होता, आणि मास्क मी काढायला लावला. पण खोलीत आम्ही तिघीच होतो आणि आजारी तर कोणीच नव्हतं. मग मास्क असला काय नि नसला काय. असं मनाला सांगते. मन ऐकतं आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतं.

४ ऑक्टोबर २०२०, रविवार

रुख्माबाईशी बोलले. तिला काही झालं नाही. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, बाई कुठे कुठे गेली होती. रुख्माबाई म्हणाली, “आमी तुझा नाव नाई सांगितला. पितरात हळदीचे गाने म्हनाले गेलो म्हनलो असतो त गाव तोंडावर थुंकला असता. बुडा म्हनला, मी युरियाच्या लायनीत उभा होतो, मागचा मानूस खोकलत होता. थेच लिहून नेला.”

मी म्हणाले, “बरं केलं.” तोंडातून निघून गेलं.

बकारामजी आता बरे आहेत, पण रोग आपणच त्या लायनीतून घरात आणला असं धरून बसलेत. रुख्माबाईला मात्र वाटतं पितर कोपले. मी असलं मानत नाही. पण पितरात टोचून तिला बाहेर काढलं कोणी? मीच.

चाचणी करून घ्यावी असं एकदा मनात आलं. मग दाराला पट्टी लागणार, वीरेंद्रची गाडी बंद, मुर्रीभर बोंब. आणि मी ठणठणीत आहे. उगाच कशाला?

११ डिसेंबर २०२०, शुक्रवार

गाणी धो धो चालली आहेत. तुळशीचं लग्न झालं आणि फोन थांबेना. बकारामजींना विचारूनच बाजारात आणली. ते एवढंच म्हणाले, “वाजू दे. तिचा आवाज त फिरन.”

आज सौंदडला एका हळदीत स्पीकर लावायला गेले होते. इथे पन्नास माणसांना परवानगी होती, नवरीच्या आत्या-माम्या हजर होत्या. तरी एकीनंही तोंड उघडलं नाही. स्पीकर गातोय म्हटल्यावर त्या सतरंजीवर ओळीनं बसून राहिल्या, पिक्चर पाहायला आल्यासारख्या. एक म्हातारी नुसते ओठ हलवत होती. सुशिलाबाईंनी तिला हाताला धरून मध्ये ओढलं असतं.

स्पीकर बंद करावा असं फार वाटलं. पण पुढच्या लग्नाची माणसं बोलणी करायला शेजारीच उभी होती.

२४ मार्च २०२१, बुधवार

लॉकडाऊनला वर्ष झालं म्हणून महिला उद्योजकांच्या एका गटानं मोबाईलवर सभा भरवली. विषय, ‘संकटातून संधी : आमचं वर्ष’. एकीनं पापडाचं सांगितलं, एकीनं मास्कवरच्या भरतकामाचं. मग मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका येऊ शकत नव्हत्या, मी त्यांचा आवाज घरोघरी पोहोचवला, कला टिकली, धंदा टिकला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

शेवटी एकीनं विचारलं, “गायिका कोण आहेत? त्यांनाही बोलवा ना एकदा.”

मी म्हणाले, त्यांची तब्येत बरी नसते.

मोबाईल बंद केला आणि न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. मेलेल्या बाईला मी आजारी करून ठेवलं, सभेत माझं तोंड पडू नये म्हणून. माईकच्या दांड्यावरची हळद अजून तशीच आहे. साबणानं घासून पाहिली, जात नाही.

२ मे २०२१, रविवार

गेला महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसत्या बातम्या. वीरेंद्र झोपून होता, आता उठून बसतो. चहाला चव नाही म्हणाला तेव्हा मी त्याच्या जिभेवर लिंबू पिळलं, तरी ढिम्म. त्याही परिस्थितीत हसू आलं. मला मात्र इतकं त्याच्या उशाशी बसूनही काही झालं नाही. काटक आहे मी, आईवर गेले.

१९ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार

आज मंजू आली होती, सुशिलाबाईंची नात, त्यांच्या मुलाची, उदारामची पोरगी. तिचं लग्न ठरलं. सत्तावीसला हळद. मला वाटलं स्पीकरसाठी आली असेल.

“गाने त साऱ्याईजवळ हायेत, ताई,” ती म्हणाली. “आमाले आजीचा बोलना पायजे. घरात कोनाच्याच मोबाईलमध्ये तिचा नुसता बोलना नाई. जो तो गानाच रेकार्ड करे. तुमच्या इथं गान्याच्या मधात काई बोलली असन ना?”

माझी झुडपं. म्हटलं, पाहते.

जाताना दारात थांबली. “आजा मुहूर्तमेढ रोवाले तयार नाई. म्हनते, माझ्या हातानं नोको, म्याच तिले रोग आनून देलो. वर्ष होऊन गेला, आमच्या संगं जेवत नाई. खाट आपली बाहीर धानाच्या तनसीजवळ टाकते. मले हळदबी लावनार नाई म्हनते. तुमी सांगा ना त्याले, तुमाले मानते तो.”

मी मान हलवली. ती जाताना माझ्या पाया पडायला वाकली तर मी पाय मागे घेतले. का ते तिला कळलं नाही. मलाही पुरतं कळलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२१, रविवार

‘कच्चा माल’ उघडला. वर्षभरात पहिल्यांदा. आधी लंबी नवरी, पहिलं गाणं, आणि मग माझा आवाज, मास्क काढा ना. तो ऐकायची तयारी करूनच बसले होते. मग कचऱ्याची गाडी, हशा. ऐकता ऐकता मी हसले आणि रडलेही. मग माझ्या चपलांचा आवाज, दार लागल्याचा, म्हणजे मी गच्चीवर गेले. माईक चालूच होता.

सुशिलाबाई म्हणतात, “अवो रुख्मा, हा चहा आहे का काढा? अद्रकाचा नुसता जाळ. जीभ पोळली माझी.”

रुख्माबाई म्हणते, “चूप. आयकन थे.”

“आयकू दे. माझी सून असती त दोन शब्द सुनावली असती.” मग भुरका मारल्याचा आवाज. “पिऊन टाक आता. पोट्टीनं मायेनं केला.”

मी फाईल थांबवली. स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा ऐकलं. अद्रकाचा जाळ.

तो चहा पाणी नव्हता. अद्रक ताजं होतं, वीरेंद्र खरं बोलत होता. उदबत्तीचा पुडाही सादळला नव्हता. अंग गाद्यांनी आंबलं नव्हतं. खोलीत आजारी कोणी नव्हतं असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले, आणि आजारी मीच होते. सुशिलाबाईंना मिठी मारणारी मी, त्यांच्या तोंडासमोर बिनामास्कची बसलेली मी. युरियाच्या लाईनचा काही संबंध नाही. म्हाताऱ्याला तर तिच्या मागून ताप आला, हे मीच तेव्हा लिहिलं होतं, आणि लिहूनही त्याला एका शब्दानं सांगितलं नाही. एप्रिलमध्ये वीरेंद्रच्या जिभेवर लिंबू पिळत होते तेव्हासुद्धा मला माझी जीभ आठवली नाही. की मी आठवू दिली नाही, देव जाणे.

२३ नोव्हेंबर २०२१, मंगळवार

काल बसून चहाचा तुकडा छाटला. जोड इतका सफाईचा की माझा मलाच सापडला नाही. जिल्ह्यात माझ्यासारखी कापणारी नाही, हे मी फुशारकीनं नाही म्हणत. मास्कवरचं माझं बोलणंही उडवलं. उरलं ते गोड गोड.

वीरेंद्रला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गाडीची ताडपत्री घडी करत राहिला. मग म्हणाला, “छोड ना. बाई वापस येऊन राहिली का? आणि माझ्या सर्दीपासूनच तुला लागलं असेल, मग मलाही फाशी दे. कायले खाजवून काढतेस? गावात नाव गेलं तर उद्या कोण बोलावेल आपल्याला?”

तो चुकीचं बोलत नाही. म्हणून तर जास्त राग आला.

पण आज ती छाटलेली फाईल ऐकली तर मन लागेना. सुशिलाबाईंचं अख्खं बोलणं मिळून मूठभर, त्यातलं चांगलं तेवढं मीच काढून घेतलेलं. अद्रकावरून सुनावणारी बाईच खरी सुशिलाबाई होती. माझ्या चोरीपायी तिच्या नातीला ती मिळणार नाही. आणि तिकडे तणशीजवळ एक म्हातारा माझं पाप अंगावर घेऊन वेगळी खाट टाकून निजतो. एकदा मी तिला टोचून बोलावलं, एकदा मास्क काढायला लावला, एकदा सभेत आजारी पाडलं. आता तिचं तोंडही मीच दाबू का?

छाटलेली कॉपी पुसून टाकली. भीती वाटते आहे. फार वाटते आहे.

२७ नोव्हेंबर २०२१, शनिवार

हळद झाली. आत्ता घरी आले आणि लगेच लिहायला बसले.

गेले तेव्हा मांडव उभा होता. मेढ उदारामनं रोवली. बकारामजी मागे तणशीच्या ढिगाजवळ आपल्या खाटेवर, धुतलेलं धोतर नेसून, पण बाहेरच्या माणसासारखे. बायका जमल्या होत्या, यंदा बंदी नाही. रुख्माबाईला गायचं होतं म्हणून मी माईक नेला होता, तोच, पिवळ्या दांड्याचा.

मंजू पाटावर बसली आणि मी अख्खी फाईल लावली, काहीही न कापता. ‘मास्क काढा ना’ आलं तेव्हा माझे कान तापले. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष त्यापुढच्या आजीच्या बोलण्याकडे. कोनत्या चेतनाचा आयकाव, यावर मांडव हसला. मग अद्रक आलं. बायका लोटपोट. रुख्माबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “अशीच होती बुडी, अगदी अशीच.” मंजू ओरडली, “ताई, अद्रकवाला पुन्हा लावा.” लावला. पुन्हा म्हणाली. पुन्हा लावला. जो तुकडा ऐकून माझी झोप उडाली तो मी माझ्या हातानं सारखा वाजवत होते आणि लोक हसत होते.

मांडवाबाहेर पाहिलं तर बकारामजीही हसत होते. एकटेच, खाटेवर, डोळे गळत होते आणि हसत होते. तेव्हा मला वाटलं, नको, आज नको. आणि आज नाही तर कधीच नाही हेही कळलं. त्यांच्याजवळ गेले.

“बाबाजी, थो चहा मी केला होता.”

“मालूम आहे. तूच करशीन असा.”

“मले चव लागत नव्हती म्हनून अद्रक जास्त झाला. तापबी होता. थो कायचा ताप आहे मले समजला नाई, परवा हे आयकून समजला. मावशीले माझ्यापासून लागला, बाबाजी. तुमच्यापासून नाई. तुमाले त तिच्या मांगून ताप आला.”

 मांडवात बायकांनी गाणं धरलं होतं.

“मांगून आला,” ते म्हणाले. “हो. मांगूनच आला.” मग, “हे मले कोनी म्हनलाच नाई.”

“मास्कपन मीच काढाले लावला. खोलीपन मीच…”

“पुरे.”

मी थांबले. शिव्या द्याव्यात, काठी उचलावी, उदारामला हाक मारावी, काहीतरी करावं असं मला वाटत होतं. ते खाटेची दोरी बोटानं चाचपत बसले.

“तिचा फोटो भिताडाकडं तोंड करून ठेवलो मी,” ते म्हणाले. “एवढे रोज.” मग उठले. मी वाटेत उभी होते. “सरक,” म्हणाले.

मांडवात गेले तशी बायका गाता गाता थांबल्या. त्यांनी मंजूच्या पुढची हळदीची वाटी उचलली. दोन्ही हातांनी तिच्या कपाळाला, गालांना, पायांना लावली. मंजू हमसून रडायला लागली, उदाराम तोंड फिरवून उभा राहिला. रुख्माबाईनं पाय पुढे केले, तिलाही लावली. मग ते माईकपाशी आले. दांड्यावरचा जुना पिवळा डाग त्यांनी वाकून पाहिला, बोटानं घासून पाहिला, आणि त्याच्यावर वाटीतली ओली हळद लावली, वरपासून खालपर्यंत, नवरीला लावतात तशी.

दांडा धरून मी उभी होते. त्यांचा हात माझ्या हातापर्यंत आला, तिथून उचलला गेला आणि माझ्या हाताच्या खाली पुन्हा टेकला. मला हळद लावली नाही.

मग ते पोराशेजारी सतरंजीवर जाऊन बसले. मंजूनं नाक पुसलं आणि म्हणाली, “ताई, आता आजासाठी. अद्रकवाला लावा ना पुन्हा.”

मी लावला.